पाकोळीची तपकिरी केप

मी पाकोळीची केप बोलतेय.

झालात ना गप्प? मला त्याची सवय आहे. आधी माणसं माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे, आणि मग कुणीतरी समजूत घातल्यासारखं म्हणतं, "पण पाकोळीची केप निळी असते." असते हो. पुस्तकात निळी, सिनेमात निळी, मुलांच्या दप्तरांवर, डब्यांवर, छत्र्यांवरसुद्धा निळीच. आणि मी तपकिरी. अस्तर पिस्ता रंगाचं. जुन्या सोफ्याचं कव्हर काढून खुंटीला अडकवावं, तशी मी दिसते. तरीही पडद्यावर पाकोळीच्या खांद्यांवर जी केप सगळ्यात आधी दिसली, ती मीच. माझ्यानंतर आलेल्या सगळ्या माझ्या धाकट्या बहिणी, आणि त्यातली एकही मला ओळख देत नाही.

पाकोळी कोण, हे ठाऊक नसलेलं माणूस आता विरळाच. असलंच कुणी, तर सांगते. मुलांच्या एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर चित्रकथेत तिचा जन्म झाला. दिवसा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. कानाला यंत्र लावून याचा फोन त्याला जोडून द्यायची, आणि जोडता जोडता लोकांची दुःखं तिच्या कानावर पडायची. कुणाचं मूल हरवलेलं, कुणी पुरात अडकलेलं. मग ती खुर्चीच्या पाठीवरची केप उचलायची, गच्चीवर जायची आणि झेप घ्यायची. केप बाहेरून निळी, आतून पिवळी, आणि खाली पाकोळी पक्ष्याच्या शेपटीसारखी दोन टोकं. तिच्याजवळ हत्यार नव्हतं, अचाट ताकदही नव्हती. तिला उडता यायचं आणि ऐकता यायचं. तिच्या चित्रकाराच्या मते एवढं पुष्कळ होतं.

पुढे शहरात टीव्ही आला. एका जुन्या गोदामात स्टुडिओ थाटला गेला आणि शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी काहीतरी दाखवायचं ठरलं. स्टुडिओचे साहेब स्वतः त्या साप्ताहिकाचे भक्त. त्यांनी लगेच पाकोळीचं नाव घेतलं.

कपडेपट सांभाळायला एक बाई होत्या. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणायचे. तोंडात टाचण्या आणि गळ्यात टेप, त्यामुळे त्या बोलायच्या कमी आणि हुंकार भरायच्या जास्त. मावशीने साप्ताहिक समोर ठेवून हुबेहूब केप शिवली, निळ्या रेशमाची, पिवळ्या अस्तराची. ती मी नव्हे. ती माझी थोरली बहीण म्हणा, पण तिचं आयुष्य एका दुपारीच संपलं.

झालं असं, की तेव्हाचा टीव्ही काळा-पांढरा. त्या कॅमेऱ्यापुढे निळं रेशीम गेलं आणि फिकट राखाडी झालं. पिवळं अस्तरही तसंच. मागे रंगवलेलं आकाशही तसंच. तिन्ही एकमेकांत मिसळून गेली. साहेबांनी टीव्हीच्या पेटीत डोकं खुपसून विचारलं, "मावशी, आपली पाकोळी कुठाय? नुसतं मुंडकंच उडतंय."

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. कपडेपटातली झाडून सगळी कापडं आणली, कॅमेऱ्यासमोर दोरी बांधली आणि धुणं वाळत घालावं तशी ती वाळत घातली. मग पेटीसमोर बसून एकेक निरखत राहिली. "त्याला बिचाऱ्याला रंग कळत नाहीत," ती कॅमेऱ्याबद्दल म्हणाली, "त्याला फक्त उजेड आणि काळोख कळतो. मग त्याला समजेल असंच बोलायला हवं." लाल बघितला, जांभळा बघितला, पांढरा बघितला, तर तो इतका झळाळला की शेजारी उभ्या माणसाचा चेहरा काळाठिक्कर पडला. शेवटी कोर्टाच्या एका नाटकातला तपकिरी पडदा तिच्या मनात भरला आणि दवाखान्याच्या नाटकातली पिस्ता चादर. या दोघांतून मी झाले. पडद्यावर जाण्याआधी मी स्वतःच पडदा होते, हे मी कधी लपवलं नाही.

मी हँगरवर लटकत होते तेव्हा चित्रकार आले. बारीक अंगाचे, बाहीवर शाईचे डाग. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कुणाचं?"

"तुमच्याच लेकीचं," मावशी म्हणाली.

"माझी लेक असलं काही घालणार नाही."

मावशीने वाद घातला नाही. तिने मला एका मुलीच्या खांद्यांवर चढवलं आणि चित्रकारांचा हात धरून त्यांना पेटीसमोर नेलं. ते बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "हीच ती. रंग नंतर छापखान्यात भरतात हो. मी तिला आधी शाईत काढतो. मला ती अशीच दिसते." आणि मावशीला म्हणाले, "माझं चुकलं." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आपण दिसायला कशाही असलो तरी कुणासाठी तरी अगदी बरोबर असतो. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' असं म्हणतात. माझ्या बाबतीत जग फसलं ते पाकोळीच्या बाजूने.

आता त्या मुलीबद्दल. माझ्या आयुष्यात ती आली आणि मी कापडाची केप झाले, नाहीतर नुसतं कापडच होते. ती रेडिओवर हवामान सांगायची. 'आकाश अंशतः ढगाळ राहील' हे वाक्य ती असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला ढगाळ आकाशाची काळजी वाटू नये. साहेबांनी तो आवाज ऐकून तिला बोलावलं होतं. मावशी म्हणायची, "हिची ढगांशी आधीच ओळख आहे, उडायला शिकवावं लागणार नाही."

आणि आम्ही उडायचो कशा, ते ऐका. एक उंच, अरुंद बाकडं. त्यावर आकाशाच्याच रंगाचं कापड. ती त्यावर पालथी पडायची, हात पुढे. समोरून भलामोठा पंखा माझ्या पोटात वारा भरायचा. त्याला यंत्राच्या तेलाचा वास यायचा, अजून येतो माझ्या आठवणीत. आणि मागे दोन लाकडी रुळांवर गुंडाळलेलं लांबच लांब कापड, त्यावर ढग रंगवलेले. स्टुडिओचा सुतार घाम गाळत त्याचं हँडल फिरवायचा, की ढग मागे पळायचे. खरं सांगू? आम्ही दोघी जागच्या हललो नाही. उडाले ते ढग. पण घरोघरी पोरं तोंडात बोट घालून बघत बसायची.

सगळं तेव्हाच्या तेव्हा दाखवायचं, म्हणजे चुकलं तर चुकलं. एका शनिवारी पाकोळी धरणाकडे निघाली होती आणि मधेच हँडल तुटलं. ढग जागच्या जागी उभे. सुतार रुळाशी झटापट करतोय, साहेब कॅमेऱ्यामागे दोन्ही हात हलवतायत, मावशीने डोळे मिटून घेतले. सगळं गाव बघतंय की पाकोळी हवेत अडकली. मी तिच्या खांद्यांवर होते, तिचं काळीज धडधडलेलं मला कळलं. मग ती कोपरावर रेलली. हनुवटीखाली हात घेतला. कॅमेऱ्याकडे बघून हवामान सांगायच्या आवाजात म्हणाली, "ढगसुद्धा दमतात, बाळांनो. दोन मिनिटं आपणही दम खाऊ, मग निघू."

आणि खरंच दम खात बसली. शाळेची वाट, जिन्यातलं मांजर, कुणाला रात्री अंधाराची भीती वाटते, असं काहीबाही विचारत राहिली. सुताराने खिळा ठोकला, ढग हलले आणि आम्ही पुढे निघालो. पण ते वाक्य मागे राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या आठवड्यात चित्रकार सांगत आले, की बसच्या रांगेत दोन बायका जड पिशव्या खाली ठेवताना तेच म्हणत होत्या. चिडक्या आज्या, थकलेले कामगार, अभ्यासाला कंटाळलेली पोरं, सगळ्यांना ढगांचा आधार मिळाला.

ते दिवस माझे. पण ते कुठे गेले म्हणाल, तर हवेत. जे दाखवलं ते जपून ठेवायची तेव्हा रीतच नव्हती. नंतर काही भाग फितीवर घेतले, पण फीत महाग, म्हणून पुसून तिच्यावर दुसरंच काहीतरी घ्यायचे. आमच्या पाकोळीवर म्हणे कुणीतरी गुलाबाची छाटणी शिकवली. फोटो होते चार. पुढे आमच्या मुलीने घर बदललं तेव्हा ज्या खोक्यात ते होते, ते खोकं नव्या घरी पोचलंच नाही.

मग पाळी आली रंगीत सिनेमाची. सिनेमावाल्यांनी पाकोळी करायची ठरवली, आणि त्यांचे वेशभूषाकार मला बघायला कपडेपटात आले. मला दोन बोटांच्या चिमटीत धरून म्हणाले, "हा काय जाजमाचा तुकडा आहे का?" सगळे हसले. मावशी हसली नाही. नवी केप झाली, निळ्या सॅटिनची, पायघोळ, कडेला जर. कानामागून आली आणि तिखट झाली. आमच्या मुलीलाही त्यांनी चाचणीला बोलावलं होतं. ती नवा पोशाख घालून गेली आणि परत आली. "काय म्हणाले?" मावशीने विचारलं.

"आवाज छान आहे म्हणाले."

मावशीने तिला पुढचं काही विचारलं नाही. चेहऱ्याबद्दल ज्यांना काही बोलायचं नसतं, ते आवाजाचं कौतुक करतात, हे कपडेपटातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या सिनेमात मोठी नटी होती. दिसायला लाखात एक, मी खोटं कशाला बोलू. पण तिची पाकोळी एक्स्चेंजमध्ये बसेना, गच्चीवर गाणी म्हणू लागली. आमच्या मुलीने रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि तो सिनेमा पाहिला. कसा होता विचारलं तर म्हणाली, "केप फार सुंदर होती." मी कपडेपटातल्या खोक्यात होते, तरी मला ते ऐकू आलं. महिनाभर मी तिच्यावर रुसले होते.

मावशी निवृत्त झाली, तेव्हा जाताना मला पिशवीत घालून आमच्या मुलीच्या घरी गेली. तोवर आमची मुलगी बाई झाली होती, संसार थाटला होता, कडेवर लेक होती. मावशीने पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझं तुझ्याजवळ असू दे. तिथे राहिली तर फडकी करतील हिची."

घरात आले आणि मी कामाला लागले. लेकीला ताप आला की मी पांघरूण. दोन खुर्च्यांवर टाकलं की मी तंबू. थंडीत दाराच्या फटीशी मी गुंडाळी. काही वर्षं इस्त्रीच्या टेबलावर होते, उजव्या टोकाला अजून डाग आहे त्याचा. लेक लहान होती तोवर विचारायची, "आई, तू खरंच उडायचीस?" आई म्हणायची, "ढग उडायचे. मी पडून असायचे." हे उत्तर खरं असलं तरी मुलांना देण्यासारखं नव्हे. हळूहळू लेकीने विचारणं सोडलं. ती मोठी झाली, दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. प्लेटवर दिसेल तेवढंच खरं मानायची तिला सवय. आई टीव्हीवर 'काहीतरी करायची' एवढंच ती लोकांना सांगायची. मी ट्रंकेत गेले.

ट्रंकेतूनही कानावर येतच असतं. मधे पाकोळीची मालिका आली. त्यात ती टेलिफोन कंपनीची मालकीण होती. कुणाचं ऐकून घ्यायला तिला वेळच नव्हता, हाणामारीतून सवड मिळेना. आणि आता हा नवा सिनेमा. त्यात म्हणे केप शिवलीच नाही. नटीला हिरव्या भिंतीपुढे उभं केलं आणि केप नंतर कॉम्प्युटरवर काढली. वाऱ्याशिवाय फडफडते, पाण्यात भिजत नाही, आगीत जळत नाही. असेल बाई. जिला शिवणच नाही तिला उसवायची भीती नाही. पण तिला कधी कुणाच्या खांद्याची ऊबही लागली नसेल, एवढं मात्र मनात येतं.

या सिनेमाने घरातल्या धाकट्या बाईला वेड लावलं. म्हणजे आमच्या मुलीच्या नातीला. आमची मुलगी आता आजी झालीय, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र तोच. नातीच्या खोलीत भिंतभर निळी पाकोळी. आजीने एकदा बोलता बोलता सांगितलं, "पहिली पाकोळी मी होते." नातीला आकाश ठेंगणं झालं. तिने वर्गात सांगितलं. बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, मग आजीला शाळेत घेऊन ये, पुढच्या आठवड्यात मुलांना गोष्ट सांगू दे. आजीने कपाटातून चांगले कपडे काढून इस्त्रीला दिले. कितीतरी वर्षांनी तिला कुणीतरी बोलावलं होतं.

मग एका दुपारी नात शाळेतून आली ती दप्तर फेकूनच. कुणाशी बोलेना. खोदून खोदून विचारल्यावर कळलं. वर्गातल्या मुलांनी फोनवर शोधलं होतं. पहिली पाकोळी म्हणून तिथे जुन्या रंगीत सिनेमातल्या त्या मोठ्या नटीचं नाव होतं, फोटोसकट. आजीचं नाव कुठेच नाही. आता वर्गात तिला 'थापाडी' म्हणत होते.

"आजी, खरं सांग," ती म्हणाली. "तू होतीस का?"

आजी उठली, ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी उजेड बघितला, मी जरा तोऱ्यातच उलगडले. नातीचा चेहरा उतरला.

"ही नाहीये पाकोळीची. ती निळी असते."

"अगं, तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता. म्हणून..."

"पण ही ब्राऊन आहे, आजी."

आजीने मला खांद्यांवर घेतलं, हनुवटीखाली हात नेला आणि हसून म्हणाली, "ढगसुद्धा दमतात, बाळांनो."

नातीचे डोळे भरून आले. "तो सिनेमातला डायलॉग आहे. मला पाठ आहे. तू तिथून घेतलास."

हो. नव्या सिनेमावाल्यांनी ते वाक्य उचललं होतं. कुणाच्या तरी आजोबांकडून ऐकलं असेल. आता नवी नटी एका कड्यावर उभी राहून वादळाकडे बघत गंभीरपणे म्हणते, 'ढगसुद्धा दमतात', आणि मागे ढोल वाजतात. आजीने ते ऐकलं आणि तिचा हात खाली आला.

"आजी," नात जमिनीकडे बघत म्हणाली, "तू शाळेत येऊ नकोस."

मी अनेकदा टाकले गेलेय. मला हसलेत, इस्त्रीने भाजलंय. पण त्या वाक्याने माझ्या खाली जे खांदे होते, ते असे खचले, की मी घसरून जमिनीवर पडले. कुणी मला उचललं नाही.

लेक दवाखान्यातून आली तेव्हा तिला सगळं समजलं. ती वाईट नाही हो, व्यवहारी आहे. आईला म्हणाली, "अगं आई, कशाला एवढं मनाला लावून घेतेस? मुलांना निळीच हवीय ना, मग निळी करून टाकू. कोपऱ्यावर तो रंगारी आहे. दोन दिवसांत देईल. घालून जा तू शाळेत. कोण विचारायला बसलंय?"

मला वाटलं, आजी नाही म्हणेल. आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दे रंगवायला. खऱ्याला तरी कोण विचारतंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं, पिशवी शेजारीच तयार. लेक म्हणाली, "आधी फोटो काढून त्याला पाठवते. या तपकिरीवर निळा चढतो का, विचारायला हवं." नातीने आईचा फोन घेतला, फुरंगटूनच माझा फोटो काढला. मग, मुलंच ती, निळी झाले तर कशी दिसेन हे बघायला बोटाने पडद्यावर रंग बदलत बसली. गुलाबी झाले. नारिंगी झाले. आजी चहाचा कप घेऊन मागून जात होती.

"थांब," आजी म्हणाली. "मागे जा."

"कुठे?"

"आत्ता होतं ना, त्याच्या आधीचं. रंग नसलेलं."

नातीने बोट मागे फिरवलं. फोनच्या पडद्यावर खोली काळी-पांढरी झाली. खुर्चीच्या पाठीवर मी होते, काळीभोर, अस्तर चांदण्यासारखं उजळ, दोन टोकं खाली. मागच्या भिंतीवर नातीचं लाडकं पोस्टर होतं, निळ्या पाकोळीचं. तिथे मात्र केप आणि आकाश एक होऊन गेलं होतं. नुसतं मुंडकं उरलं होतं.

नातीने फोनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोनकडे. "आई, हे बघ," ती म्हणाली.

लेकीने फोन हातात घेतला आणि एक्स-रेची प्लेट निरखावी तसा निरखत राहिली. शेवटी आजीच म्हणाली, "काय गं, फ्रॅक्चर सापडलं का?" आयुष्यभर काळ्या-पांढऱ्यातून माणसांची दुखणी ओळखणारी बाई ती. तिने आईकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तू कशी पडायचीस? बाकड्यावर?"

मग घरात जे झालं, त्याला साठी बुद्धी नाठी म्हणा हवं तर. जेवणाचा लांब बाक भिंतीपासून ओढला. त्यावर उशा टाकल्या, कारण गुडघे. लेकीने आईला धरून हळूहळू पालथं केलं, "अगं पडशील", "पडले तर तू आहेसच हाडं बघायला", असं चालूच. टेबलावरचा पंखा समोर ठेवला. मला खांद्यांवर बांधलं. आणि मागे ढग हवेत म्हणून लेकीने मोठ्या ठिपक्यांची चादर कपाटातून काढली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि बाकामागून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागली. नात फोन धरून समोर, रंग काढून टाकलेले.

पंखा लागला. माझ्या पोटात वारा भरला. तेलाचा वास नव्हता, पण वारा तोच. आजीने हात पुढे केले, मान वर केली आणि मी फडफडले, जीव तोडून फडफडले. चादर मागे पळत होती.

लेक भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. वर धरलेले हात भरून आले. ती धापा टाकत थांबली. "आई, थांब गं जरा, हात दुखले." ढग जागच्या जागी उभे राहिले.

आजी कोपरावर रेलली. हनुवटीखाली हात घेतला. सरळ फोनकडे, म्हणजे नातीकडे बघितलं. "ढगसुद्धा दमतात, बाळांनो," ती म्हणाली. "दोन मिनिटं आपणही दम खाऊ, मग निघू."

नातीच्या हातातला फोन हळूहळू खाली आला. कड्यावरची नटी तसं का म्हणते, हे तिला कधी कळलं नव्हतं, सिनेमातल्या कुणालाच कळलं नसावं. तिने चादरीमागे धापा टाकणाऱ्या आईकडे बघितलं, मग बाकावरच्या आजीकडे. "म्हणजे ढग अडकले होते?" तिने विचारलं.

"हँडल तुटलं होतं," आजी म्हणाली. "सुतार खिळा शोधत होता."

नात बाकाजवळ आली आणि माझ्यात तोंड खुपसून आजीला बिलगली. "आजी," ती म्हणाली, "येशील शाळेत?"

आजी गेली. मीही गेले, तपकिरीच. वर्गात काहींना पटलं, काहींना नाही. एकजण तर शेवटपर्यंत म्हणत होता, की केप निळीच असते. नातीने त्याच्याशी भांडण केलं नाही. तिने त्याला बाक ओढायला लावला.

आता मी नातीच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर असते. समोर भिंतीवर माझी निळी बहीण, तिला शिवण नाही, मला आहे. आमचं बरं चाललंय. इस्त्रीचा डाग तसाच आहे, एका टोकाचा दोरा सुटायला आलाय आणि आजी चष्मा सापडला की शिवीन म्हणते.

माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात ट्रंकेच्या तळाशी कुणीतरी असेल, गोष्टीतल्यासारखं न दिसणारं. ते बाहेर काढाल तेव्हा निळं रंगवायची घाई करू नका. जिने ते घातलं होतं, तिला आधी विचारा. ती आहे तोवरच विचारा. आमची आजी हल्ली जिना चढताना मधेच थांबते, कठड्याला टेकते. नात वरून हाक मारत नाही, लवकर ये म्हणत नाही. दोन पायऱ्या खाली उतरते आणि तिच्याशेजारी बसून दम खाते.